वरल्या घराचा गडी

वैशाख उतरणीला लागला की मांडवीच्या बंदरावर माणसांची एकच झुंबड उडते. बोट बंद व्हायचे दिवस येतात. मुंबईला जायचं राहिलेली सगळी माणसं एकदम जागी होतात आणि फणस, आंब्याच्या करंड्या, म्हाताऱ्या, तान्ही मुलं असं सगळं उचलून बोटीवर नेणाऱ्या पडावांकडे धावत सुटतात. आमचं घर बंदराच्या रस्त्यावरच आहे. ओटीवर बसलं की दिवसभर एकच प्रश्न कानांवर येतो, "शेवटची कधी?" त्यात कुणी 'बोट' हा शब्दसुद्धा घालत नाही. शेवटची म्हणजे बोटच. ती एकदा गेली की नारळी पुनवेपर्यंत समुद्राला कडी लागते.

ह्या दिवसांत माझं हातातल्या कामात लक्ष नसतं. परवा आमसुलं वाळत घातली आणि तिन्हीसांजेपर्यंत उचलायची विसरले. ह्यांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, उकाडा आहे. उकाडा होताच, पण तेवढंच नव्हतं. दर वैशाखात मला असं होतं. जीव कोंडतो. सगळं बंदर सुटायच्या घाईत असतं आणि मला मात्र आपल्या पायांत कुणीतरी दोर अडकवलाय असं वाटत राहतं. तो दोर कुणी अडकवला हे मला ठाऊक आहे. बारा वर्षं झाली, मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

मी मूळची मांडवीचीच. वडील मचव्यावर तांडेल होते. सोळाव्या वर्षी मला वर, कातळाच्या सड्यापलीकडच्या एका वाडीत दिली. तेव्हा आमच्या आळीतल्या बायका हळहळल्या, "मासळीवाचून कशी जगेल पोर!" मासळीवाचून माणूस जगतं. चुलीवर एक सुका बोंबील भाजला की त्याच्या वासावर भाकरी जाते. मला जड गेलं ते समुद्रावाचून राहणं. मांडवीत मान वर केली की मोकळं दिसतं. तिथं मान वर केली की डोंगर, आणि त्याच्या खांद्यावरून दुसरा डोंगर डोकावतोय. मधल्या खोलगटात वीसेक घरं, टोपाच्या बुडाशी भात राहावा तशी. फक्त सड्यावर चढलं तर पश्चिमेला समुद्राची एक पट्टी दिसायची, लुगड्याच्या काठाएवढी. हवा स्वच्छ असली तर त्या काठावर बोटीचा धूरही दिसे. पण सुनेनं उगाच सड्यावर जाऊन उभं राहायचं काही कारण नसतं. मी शेणी वेचायला म्हणून जात असे आणि रिकामी पाटी घेऊन परत येत असे. सासूबाई पाटीकडे बघत, माझ्याकडे बघत, आणि काही म्हणत नसत.

हे तेव्हा मुंबईला गोदीत कामाला होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि आम्ही एका छपराखाली काढलेले दिवस एकत्र केले असते तर दोन महिने भरले नसते. घरात आम्ही दोघी. आमचं घर उतारावर सगळ्यांत उंच, म्हणून त्याला वरलं घर म्हणत. मला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळ्या वाडीची मी 'मांडवीकरीण'.

गाव करी ते राव न करी, ही इतर ठिकाणी म्हण असेल, आमच्या वाडीत तो कायदा होता. गावकीचा कागद नव्हता, कचेरी नव्हती. देवीच्या देवळापुढच्या अंगणात घरटी एक माणूस बसला की झाली गावकी. मधे गावकर बसायचे. ते वाडीचे प्रमुख, साठीच्या पुढचे, अंगानं वाळलेल्या सुपारीसारखे, आणि बोलणं इतकं मोजकं की त्यांच्या घरच्या बैलांनाही त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येत असेल. वर्षाची कामं सणांसारखी ठरलेली होती. शिमगा झाला की सड्याच्या कडेनं गवताचा पट्टा जाळून टाकायचा, म्हणजे वणवा लागला तरी घरांपर्यंत येत नाही. मग झऱ्याचा गाळ काढायचा. मग पाखाडीचे, म्हणजे उतरणीच्या वाटेचे, निखळलेले चिरे बसवायचे. आणि सगळ्यांत शेवटी, बोट बंद व्हायच्याच सुमाराला, मधल्या ओढ्यावर, पऱ्यावर, साकव घालायचा.

हा साकव म्हणजे मोठी गंमत होती. ह्या काठापासून मधल्या खडकापर्यंत दोन लांबलचक ओंडके आणि तिथून त्या काठापर्यंत आणखी दोन टाकायचे, त्यांच्यावर आडवे दांडे बसवायचे आणि दोरांनी आवळायचे. पण वैशाखात पऱ्यात पाण्याचा टिपूस नसतो. माणसं खालून खडखडीत दगडांतून चालत जातात आणि डोक्यावर पूल बांधतात. परका माणूस म्हणेल, काय वेड्यांचा बाजार आहे! पण मृग लागल्यावर तोच पऱ्या असा माजतो की त्यात म्हैस पायांवर ठरत नाही. दसऱ्यानंतर साकव सोडायचा, ओंडके देवळाच्या पडवीत ठेवायचे, दांडे ज्याचे त्यानं घरी न्यायचे, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा पहिल्यापासून.

दर घरानं एक गडी आणि तीन दांडे द्यायचे. कुणी दिले नाहीत तर त्याला दंड नसे, शिवी नसे. त्याच्या तीन दांड्यांची जागा साकवात तशीच रिकामी सोडायची. पावसात डोक्यावर भारा घेतलेला प्रत्येक माणूस ती भोकं ओलांडताना त्या घराचं नाव घ्यायचा. चार महिने, येताना जाताना. माझ्या माहेरी लोक भांडून मोकळे होतात. ही वरची माणसं भांडत नाहीत, तुमचं नाव भोकाला देतात.

आणखी एक नेम होता. कामाला हात घालायच्या दिवशी देवीपुढं नारळ फोडून प्रत्येक गड्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत. तो खाल्लेल्या गड्यानं साकव पुरा होईपर्यंत शिवेचा धोंडा ओलांडायचा नाही. मधूनच उठला तर साकव माणूस मागतो, म्हणजे पावसात कुणीतरी वाहून जातं, असा समज. शिवेचा धोंडा पऱ्यापलीकडे वीस पावलांवर होता, गुडघ्याएवढा, शेंदूर फासलेला. सहा दिवसांचं काम, सहा दिवस कुणाला कुठं जायचं असतं? त्यामुळे नेमाचा जाच कुणाला होत नसे.

वरल्या घरात सासरे गेल्यापासून गडी नव्हता. सासूबाई शेजारच्या घराच्या लावणीत चार दिवस राबून द्यायच्या आणि त्या बदल्यात शेजारचा पुरुष आमच्या नावानं साकवावर यायचा. त्या वर्षी तोही मुंबईला गेला. देवळापुढं गावकर एकेका घराचं नाव घेत होते, माणसं "हाय, हाय" म्हणत होती. बायका लांब, वडाच्या पारापाशी उभ्या होत्या.

"वरल्या घराचा गडी?"

 सासूबाईंनी पदर तोंडाला लावलेला. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. गावकरांनी पुन्हा विचारलं, "वरल्या घराचा गडी हाय का न्हाय?"

"हाय," मी म्हटलं.

कसं म्हटलं मला सांगता येणार नाही. मांडवीत कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं अशी सवय, तेवढंच. पुरुष मागे वळून बघायला लागले. कुणीतरी फिसकन हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकजण म्हणाला, "गावकरानू, ही बाय मानूस." गावकरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. फार सरळ माणूस. शब्द ऐकला की तो तसाच धरायचा, त्याला मागून पुढून बघायचं नाही.

"हाय म्हनाली ना?" ते म्हणाले. "मग हाय."

आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. गोड होता.

पहिले दोन दिवस मी इतकी सुखात होते की आता सांगायला लाज वाटते. घराबाहेर, उन्हात, माणसांत. मला कुणी ओझी उचलू देत नव्हतं, म्हणून दोर वळायला बसवलं. दोर म्हटल्यावर मी घरी आल्यासारखीच झाले. सुंभ भिजवायचा कसा, पीळ किती द्यायचा, हे मी वडिलांच्या मांडीशी बसून शिकले होते. वरच्या माणसांची गाठ म्हणजे बैलाच्या दाव्याची, ताण बसला की सरकते. मी दोन दांडे मचव्याच्या गाठीनं आवळून दाखवले. दुसऱ्या दिवशी गावकर साकवाखाली उभे राहून एकेक गाठ हातानं चाचपत होते. माझ्या गाठीपाशी थांबले.

"ही कुनाची?"

"माझी."

त्यांनी ती ओढली, हिसकली, लोंबकळून पाहिली. मग इतरांना म्हणाले, "सगल्या अशा पायजेत." बस्स, एवढंच. पण तीन वर्षांत त्या वाडीत मला कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. त्या दिवशी घरी जाताना मी चढण कधी चढले ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. ह्यांची पत्रं सासूबाईंच्या नावानं यायची, 'तीर्थरूप आईस'. त्यांना वाचता येत नसे. मी मराठी चौथी झालेली, म्हणून वाचायची मी. माझ्याविषयीचा मजकूरही मीच मोठ्यानं वाचायचा, आणि तोंड असं ठेवायचं की जणू शेजारणीची गोष्ट आहे. त्यात लिहिलं होतं, "खोली मिळाली आहे. दुसऱ्या बिऱ्हाडासोबत, मधे पडदा आहे. तिला बोट बंद व्हायच्या आत धाडून दे. पावसाळाभर खोली रिकामी ठेवता येणार नाही, दुसरे माणूस वाट बघत आहे." मी वाचलं आणि घडी घातली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "साकव कधी पुरा व्हनार?" मी म्हटलं, तीन दिवसांत. त्या म्हणाल्या, "मग व्हईल." आणि माझ्या लग्नातलं लुगडं पेटीतून काढून वाऱ्यावर टाकलं.

खरंच झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी पुरुष पलीकडच्या अर्ध्यासाठी पडवीतला मोठा ओंडका उचलायला गेले आणि तो मधोमध मोडला. आतून वाळवीनं खाल्ला होता. वरून सालपट शाबूत, आत नुसती माती. एवढं लांब सरळ ऐनाचं झाड दुसरीकडे कुठं नव्हतं, होतं ते देवीच्या राईत. आणि राईतलं झाड देवीच्या कौलाशिवाय तोडायचं नाही.

गुरवानं देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पाकळी आधी पडली तर होकार. आम्ही सगळे बघत बसलो. पाकळी पडेना. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डावी पडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाकळी चिकटून बसली ती बसलीच. पुरुष तपकीर ओढत होते, गप्पा मारत होते, त्यांना कसली घाई? मी एकटी त्या इवल्याशा पाकळीकडे बघत होते. बाहेर रान तापलेलं, सगळ्या वाटा कोरड्या ठणठणीत, कुठूनही कुठंही जावं. आणि मी मात्र एका पाकळीखाली अडकून पडले होते. देवीचा मला इतका राग आला की मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं. चौथ्या दिवशी सकाळी ती पडली, उजवीकडची.

आता झाड तोडायचं, सोलायचं, ओढत आणायचं. शेवटची बोट परवाची. मी हिशेब केला आणि गावकरांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. दुपार होती. ते कुऱ्हाडीला धार लावत होते.

"बाबानू, मला धाडलंय बोलावणं. परवाच्या बोटीनं जायला पाहिजे."

त्यांनी कुऱ्हाड मांडीवर घेतली. अंगठ्यानं पात्याची धार बघितली. मला वाटलं, आता नेम सांगतील. साकव माणूस मागतो, सांगतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"जा," ते म्हणाले. "देवीला मी सांगताव. नारळ माज्या घरचा. तुजं दांडंबी मीच बांदीन."

मी तिथंच उभी राहिले. भिंतीला जोर लावावा आणि ती भिंत नसून कापड निघावं, तसं झालं. "साकवाचं काय?" मी विचारलं. "कुणाचं काही झालं तर?"

"व्हईल त्ये माज्या नावावर. जा गो."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चार भाकऱ्या थापल्या, सुकटीची चटणी केली आणि म्हणाल्या, "जा बाय. माजी काळजी नको." त्यांच्या सुरात जराही खोट नव्हती. मी बारा वर्षं शोधते आहे, मला सापडलेली नाही.

बोटीच्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता मी बोचकं घेऊन निघाले. खालच्या वाडीतलं एक नवराबायकोचं जोडपं बोटीला चाललं होतं, ती दोघं शिवेच्या धोंड्यापलीकडे फाट्यावरच्या काजूखाली माझी वाट बघणार होती. पऱ्यात उतरले. डोक्यावर अर्धा साकव. पलीकडच्या काठावर पुरुष जमले होते, नवा ऐनाचा ओंडका वर चढवत होते. ओल्या लाकडाचा वास सुटला होता. मी त्यांच्या बाजूनं चढून वर आले, वीस पावलं चालले, धोंड्यापाशी पोचले. पुढं काजूखाली ती दोघं दिसत होती. बाई उभी राहिली, मला बघून तिनं हात केला.

आणि मी थांबले.

कुणी हाक मारली असती तर आज सांगायला बरं पडलं असतं. "मांडवीकरणी, दोर धर गो," असं कुणी ओरडलं असतं, तर गावकीनं मला ओढून नेलं म्हणता आलं असतं. कुणी हाक मारली नाही. कुणी बघतही नव्हतं. मी धोंड्याजवळ बोचकं ठेवून बसले. बसले तेव्हा वाटलं, जरा दम घ्यावा. मी दम कसला घेणार होते, वीस पावलं चालून?

खरं सांगते. मी ह्यांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो मला आठवत नव्हता. मिशी आठवत होती, टोपी आठवत होती. एका पडद्याआड, परक्या बिऱ्हाडाच्या श्वासाशेजारी, त्या न आठवणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायला मी निघाले होते. बोट मिळणार नाही, असं जोवर वाटत होतं तोवर मी तिच्यासाठी जीव टाकत होते. ती मिळणार म्हटल्यावर मी बसले. मला भीती वाटली. एवढीच गोष्ट आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की मागे त्या माणसांना माझी गाठ बांधता येत नव्हती. दोनदा मारली, दोनदा सरकली. मला ते बसल्या जागी दिसत होतं.

काजूखालची दोघं पुष्कळ वेळ थांबली. उन्हं सड्यावरून खाली उतरली. मग पुरुषानं गाठोडं डोक्यावर घेतलं, बाईनं एकदा वळून पाहिलं, आणि ती वळणाआड गेली. तेव्हाही धावले असते तर गाठली असती.

मी उठले, बोचकं उचललं, मागे आले. ओंडक्याची सरकलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला लागले.  गावकरांनी माझ्याकडे पाहिलं, पऱ्याकडे पाहिलं, रिकाम्या वाटेकडे पाहिलं. "दोर भिजवून घे," ते म्हणाले.

दुपारी पाणी आणायच्या निमित्तानं मी सड्यावर गेले. धूर दिसला. आधी बोटभर रेघ, मग काळा ठिपका, मग काही नाही. तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. इतकी रडले की घागर तशीच उन्हात तापत राहिली. आपणच दार लावायचं आणि आपणच त्यावर डोकं आपटायचं, ह्याला काय म्हणावं? दार दुसऱ्यानं लावलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

घरी आले तर सासूबाई दारात. त्यांनी बोचक्याकडे पाहिलं. बाईमाणूस, न सांगता सगळं समजणारं. सुनेनं नवऱ्याकडे जायचं नाकारलं हे वाडीत पसरलं असतं तर त्यांना तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि मला तर नव्हतीच. त्यांनी दौत-टाक पुढं केला.

"लिव्ह," म्हणाल्या. "गावकीनं सोडली न्हाय. गावकरानं अडवून ठेवली."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"लिव्ह गो."

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, काना-मात्रा न चुकवता. पुढं 'तुझी आई' असंही मीच लिहिलं.

साकव दुसऱ्या दिवशी पुरा झाला. मग पाऊस आला आणि चार महिने आम्ही त्या टोपात झाकण घालून ठेवल्यासारखे राहिलो. पऱ्या घों घों करायचा. घरटी एक दिवस साकवावर पहारा असे, अडकलेली झाडंझुडपं काठीनं ढकलून द्यायची. आमच्या घराची पाळी आली की इरलं घेऊन मी जायची. गुडघ्यांत डोकं घालून त्या लाल पाण्याकडे बघत बसायची. माझे तीन दांडे जागच्या जागी होते, सगळ्या गाठी जागच्या जागी होत्या, नाव ठेवायला कुणाला जागा नव्हती, आणि मला तिथून उठून कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं. कुठं ते कळत नव्हतं. मुंबईची खोली गेल्याचं पत्र आषाढात आलं. ते मी मोठ्यानं वाचलं.

गणपतीला हे आले. दोन दिवस घुम्यासारखे होते. तिसऱ्या दिवशी गावकर दर्शनाला आमच्याकडे आले, ओटीवर टेकले. मी पाणी घेऊन बाहेर येत होते. तेवढ्यात ह्यांचा तोल सुटला. "माझी बायको अडवायची तुम्ही कोण? तुमच्या लाकडांपायी माझी खोली गेली. नेम, देवी, नारळ, सगळी थोतांडं! माणसं दाव्याला बांधता तुम्ही!" घरात आरतीला आलेली सगळी वाडी ऐकत होती.

गावकरांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तांब्या होता. मी एक शब्द बोलायचा होता. एकच. सासूबाई आतून बघत होत्या.

"व्हय," गावकर म्हणाले. "मीच ठेवली. काम अडलं व्हतं."

मी पाणी पुढं केलं. ते प्याले, तांब्या खाली ठेवला, गणपतीला हात जोडले आणि गेले.

अनंत चतुर्दशीनंतर हे मला मुंबईला घेऊन गेले. खोली दुसरी मिळाली, पडदा तोच. माणूस वाईट नव्हता. उलट माझ्या भीतीला शोभेल असं त्यांच्यात काहीच नव्हतं, ह्याचीही मला पुढं लाज वाटली. सहा वर्षांनी बंदरावर नोकरी मिळाली आणि आम्ही इथं मांडवीला आलो. पण त्या वाडीत हे पुन्हा गेले नाहीत. सासूबाईंना इथं आणलं, त्या इथंच वारल्या. ती गोष्ट त्यांनी कधी काढली नाही, मीही नाही. गावकीचा विषय निघाला की ह्यांचा आवाज अजून चढतो. आल्यागेल्याला ती हकिगत सांगतात, रंगवून सांगतात, आणि ऐकणारे माझ्याकडे वळून म्हणतात, "केवढा जुलूम हो!" मी चहा देते.

गेल्या वर्षी, ह्याच दिवसांत, बंदराच्या रस्त्यावर गावकर दिसले. नातवाचा हात धरून इस्पितळात निघाले होते. डोळे जवळजवळ गेले होते. मी धावत गेले, पायांना हात लावला. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

"मांडवीकरीन गो?"

 इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "बाबानू, आज घरी चला. ते घरी आहेत. मी त्यांना सगळं सांगते. तुमच्यासमोर सांगते. तुम्ही मला सोडलं होतं, मीच गेले नाही. किती वर्षं तुम्ही हे ओढायचं?"

ते उभे राहिले. समुद्राकडे तोंड करून, जणू दिसतंयच. मग नेहमीसारखे मोजून मोजून बोलले.

"कशाला गो? राग त्याला कुनावर तरी धरायचाच हाय. मी सा कोस लांब हाय. तू त्याच्या घरात हायस."

आणि नातवाच्या खांद्यावर हात टाकून ते पुढं निघाले. मी घरी आले. हे ओटीवरच बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण होतं ते?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "इस्पितळ विचारत होते."